रकान्याबाहेरचं वर्ष

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'हिशेब' हा विषय दिला, तेव्हा कांद्याचे आणि निवडणुकांचे हिशेब बाकीचे लेखक मांडतील हे ठरलेलंच होतं. मला आठवला तो शाळेचा एप्रिल. घरात आरसा पुसावा तशी शाळा या महिन्यात स्वतःला लख्ख करते. पत्रकं भरली जातात, शेरे लिहिले जातात, 1 मेला झेंडावंदन होऊन निकाल हातात पडतो. या सगळ्या हिशेबात ज्याचं वर्ष गेलं, त्या मुलाला कुणी काही विचारतं का? ते बघायला पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या काही शाळांमध्ये गेलो. शाळांची आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही. मुलं मोकळेपणानं बोलली, ती छापील नावासाठी बोलली नव्हती.

विशेष प्रगती, आवड, सुधारणा

उन्हामुळे शाळा सकाळची. मुलं खिचडी खाऊन, ताटं घासून घरी जातात आणि वर्गात बाई उरतात. पंखा असतो, वीज असेलच असं नाही. टेबलावर प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा. त्यात श्रेण्यांबरोबर वर्णनात्मक नोंदींचे तीन रकाने असतात: विशेष प्रगती, आवड किंवा छंद, आणि आवश्यक सुधारणा. प्रत्येक मुलाविषयी, दोन्ही सत्रांत, चार ओळी लिहायच्या. कल्पना फार चांगली आहे. वर्षभर ज्या मुलाकडे पाहिलं, त्याच्याविषयी शिक्षकानं माणसासारखं चार शब्द लिहावेत, यात वाईट काय?

प्रत्यक्षात बाईंच्या मोबाईलमध्ये एक पीडीएफ असते. शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर मार्चला ती फिरत येते. तीत विषयवार तयार वाक्यं असतात. परिपाठात उत्साहाने सहभागी होतो. हस्ताक्षराकडे लक्ष द्यावे. गणिती क्रिया अचूक करतो. उतरवून काढायचं, तेही एकाच मुलाला दोन्ही सत्रांत तेच वाक्य जाऊ नये एवढी काळजी घेऊन. एका वर्गात 'गोष्टी वाचणे' ही आवड इतक्या जणांच्या नावापुढे होती, की तालुक्याच्या वाचनालयानं तिथे शाखा काढायला हरकत नव्हती. त्यातली दोघं त्या वेळी शाळेमागच्या बांधावर सायकलचं जुनं टायर पळवत होती, आणि त्यात ती तरबेज होती.

बाईंना दोष देणं सोपं आहे. शाळा द्विशिक्षकी, वर्ग चार. एक शिक्षक मतदार यादीच्या कामाला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. यूडायस प्रणालीवर भरायची शाळेची माहिती, आधारची जुळणी, पोषण आहाराचा रोजचा आकडा, शिष्यवृत्तीचे तास, आणि पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी 'शाळापूर्व तयारी'चा मेळावाही एप्रिलातच. इतकं असताना प्रत्येक मुलासाठी नवं वाक्य सुचणं अवघड. पण ते वाक्य ज्याच्याविषयी आहे, ते मूल समोरच बसलेलं असतं. त्याला विचारलं तर निम्मं काम हलकं होईल, हे फार थोड्या शाळांच्या ध्यानात आलेलं दिसलं.

जूनचं पान

दौंड तालुक्यात भीमेच्या काठानं राहू, पारगावच्या बाजूला गेलं की ऊस आणि गुऱ्हाळं. वाऱ्याबरोबर काहिलीचा गोड, करपट वास वर्गात येतो. तिथल्या एका शाळेत बाई गेली काही वर्षं एक साधं काम करतात. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाकडून एक पान लिहून घेतात. स्वतःचं नाव, घरच्यांची नावं, चार वाक्यं, दोन गणितं, एक चित्र. तपासत नाहीत. तारीख टाकून प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये ठेवून देतात. एप्रिलात, परीक्षा सुरू व्हायच्या आधी, ती पानं ज्याची त्याला परत मिळतात.

मी होतो त्या दिवशी तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग होता. पानं वाटली आणि आधी हशा पिकला. मुलं एकमेकांची चित्रं बघत होती. कुणाच्या गाईला पाच पाय होते. मग आवाज हळूहळू कमी झाला. एका मुलीनं स्वतःच्या आडनावातली चुकलेली वेलांटी पाहिली आणि लगेच रबर काढलं. बाई म्हणाल्या, "खोडू नको. ती चूक जूनमधल्या मुलीची आहे, तिची तिला राहू दे. तू मागच्या बाजूला लिही."

मागच्या बाजूला काय लिहायचं? बाईंनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला होता: या पानावरच्या मुलाला काय येत नव्हतं?

लिहिण्याआधी बोलणं झालं. एकजण म्हणाला, "मला 'ळ' काढता येत न्हवता, उलटा यायचा." दुसरा म्हणाला, "भागाकार येतो. पण मधेच शून्य आला, की द्यायचा का नाय कळत नाय." शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, भागाकारात मधे येणारा शून्य ही खरोखरच अडकण्याची जागा आहे, आणि या मुलानं ती स्वतःची स्वतः बोट ठेवून दाखवली. प्रगतिपुस्तकात त्याच्या नावापुढे फार तर 'भागाकाराचा सराव आवश्यक' आलं असतं. तिसरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी वर्गात बोलत न्हवतो. आता पण नाय बोलत. पण जेवताना बोलतो."

बाईंनी हे शेवटचं वाक्य जसंच्या तसं त्यांच्या वहीत उतरवलं. पीडीएफमध्ये ते मिळालं नसतं.

प्रश्नाला आकडी हवी

'या वर्षी तू काय शिकलास?' असं विचारलं की काय होतं, तेही दुसऱ्या एका शाळेत पाहिलं. मुलं ताठ उभी राहिली आणि भाषण सुरू झालं: मी खूप अभ्यास करीन, मोठा अधिकारी होईन, आईवडिलांचं व गुरुजनांचं नाव उज्ज्वल करीन. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला याच सुरात बोलायला शिकवल्यावर मुलं दुसरं काय बोलणार? मोठ्या, गोल प्रश्नाला मूल मोठं, गोल उत्तर देतं.

ज्यांना हे जमलं आहे, त्या शिक्षकांचे प्रश्न लहान आणि टोकदार असतात. कोणतं काम या वर्षी दोनदा करावं लागलं? तू कुणाला काही शिकवलंस का, काय? दिवाळीआधी कशाची भीती वाटायची, ती आता गेली का? कोणता तास लवकर संपायचा? पुढच्या वर्गाच्या बाईंना तुझ्याविषयी एक गोष्ट सांगायची तर कोणती? अशा प्रश्नांना पाठ केलेलं उत्तर नसतं, म्हणून मूल आठवायला लागतं. पहिली-दुसरीची मुलं लिहीत नाहीत, ती चित्र काढतात किंवा बोलतात. शिक्षकानं ते त्यांच्याच शब्दांत उतरवायचं, 'न्हवता'चं 'नव्हता' न करता.

वेळेचंही पथ्य आहे. परीक्षा झाल्यावर विचारून उपयोग नाही. शेवटचा पेपर टाकला की मूल मनानं मामाच्या गावाला पोचलेलं असतं, आणि पेपर अवघड गेला असेल तर अख्खं वर्षच त्याला वाईट दिसतं. मार्चअखेर किंवा एप्रिलचा पहिला आठवडा बरा. पाचवी आणि आठवीला तर हे अधिकच खरं, कारण 2023-24 पासून या दोन वर्गांना वार्षिक परीक्षेत नापास होण्याची भीती परत आली आहे.

शिवाय शिक्षकानं स्वतःही उत्तर द्यायचं, नाहीतर हा उलटतपासणीचा तास होतो. एका वर्गात एका धिटुकल्या पोरीनं विचारलंच, "बाई, तुम्हाला काय नाय आलं?" बाई थोडं थांबून म्हणाल्या, "मला इंग्रजी बोलायची लाज वाटते. ती यंदा पण गेली नाही." वर्गानं ते फार गंभीरपणे ऐकून घेतलं. "मग आपण संगं शिकू," असं मागून कुणीतरी म्हणालं.

या साध्या वाटणाऱ्या कामामागे भक्कम अभ्यास आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी वर्गातल्या मूल्यमापनावरच्या सुमारे अडीचशे अभ्यासांचा आढावा घेऊन 1998 मध्ये आपले निष्कर्ष मांडले. वर्ग चालू असताना मुलांची माहिती घेऊन त्यावरून शिकवणं बदललं की मुलं पुढे जातात, मागे पडलेली मुलं विशेष पुढे जातात, आणि मुलानं स्वतःचं काम स्वतः तपासणं हा त्याचा अटळ भाग आहे, असा त्यांचा सांगावा होता. शिरूरला हे अगदीच परकं नाही. याच तालुक्यातल्या वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा दत्तात्रय वारे गुरुजींच्या काळात गाजली, त्यात गावानं दिलेली जमीन आणि काचेचे वर्ग यांच्याइतकीच 'विषयमित्र' पद्धतीची चर्चा झाली. ज्याला जे येतं त्यानं ते दुसऱ्या मुलाला शिकवायचं. दुसऱ्याला शिकवायला बसलं की आपल्याला कुठवर येतं ते मुलाला आपसूक कळतं. गुरुजींच्या पुढच्या शाळेला, खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला, 2025 मध्ये 'वर्ल्ड्स बेस्ट स्कूल' पारितोषिकांत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं कौतुक झालं तेवढं विषयमित्राचं अनुकरण झालं असतं, तर बरं झालं असतं.

बिबट्याचं वर्ष

शिरूरच्या उत्तरेला घोड नदीच्या बाजूनं उसाची रानं आहेत आणि उसात बिबटे आहेत. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबुत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. त्यानंतरचा हिवाळा त्या पट्ट्यातल्या शाळकरी मुलांनी कसा काढला, ते कुठल्याही प्रगतिपुस्तकात सापडणार नाही. उपस्थितीच्या रकान्यात फार तर दिवस कमी दिसतील.

त्या बाजूच्या एका शाळेत 'कशाची भीती वाटायची' या प्रश्नाला जवळजवळ साऱ्या वर्गानं एकच उत्तर लिहिलं. पण प्रत्येकाचा तपशील निराळा होता. एकीनं लिहिलं की या वर्षी ती एकदाही एकटी शाळेत आली नाही. एकानं लिहिलं की आजी गोठ्यात जाताना त्याला बॅटरी धरायला लावते आणि त्याचा हात थरथरतो, ते आजीला कळू नये म्हणून तो बॅटरी दोन्ही हातांनी धरतो. एक पोरगा चित्रात उसाच्या पात्याला पाती जोडत राहिला. बिबट्या त्यानं काढलाच नाही.

तिथल्या गुरुजींना मी विचारलं, या उत्तरांचं पुढे काय करता? ते म्हणाले, "काय करणार? वाचली. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर बोललो. रकान्यात बसवायची नाहीत, एवढं ठरवलं." मला हे उत्तर पटलं. काही उत्तरं वाचणारं कुणीतरी आहे, एवढंच मुलाला कळायचं असतं.

मुलं असं खरं लिहायला लागली, की काही शिक्षकांना धास्ती वाटते. घरातली दारू, बापाचं कर्ज, मोठ्या बहिणीची शाळा सुटणं, हे सगळं पानावर येतं. मग साहेबांनी वाचलं तर? पुणे जिल्ह्यानं तरी ही भीती बाळगू नये. फुले दांपत्याच्या शाळेत तीन वर्षं शिकलेल्या मुक्ता साळवे हिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळकरी मुलीला तिच्या जगण्याविषयी लिहू दिलं, की काय हाती येतं त्याचा पुरावा याच जिल्ह्यात जवळपास पावणेदोनशे वर्षांपूर्वी लिहिला गेला आहे.

पट्टा पडला की

आतापर्यंत ज्या मुलांविषयी लिहिलं ती एप्रिलपर्यंत वर्गात होती. सगळी नसतात.

दौंड-शिरूर हा साखरपट्टा. दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगर, जळगावकडून ऊसतोडणीचा कोयता येतो, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत जातो. न्हावऱ्याचा घोडगंगा साखर कारखाना अलीकडचे काही हंगाम बंद राहिला, तेव्हा तिकडच्या टोळ्या दुसरीकडे वळल्या आणि काही शाळांचा पटही त्यांच्यामागून गेला. इकडे रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूरला कारखानदारी. तिथल्या खोल्यांमधून नांदेड-लातूरची, बिहार-उत्तर प्रदेशची मुलं शाळेत येतात. बापाचा कंत्राटदार बदलला की खोली बदलते, आणि खोलीबरोबर शाळा.

या मुलांसाठी सरकारनं शिक्षण हमी कार्ड काढलेलं आहे. कार्ड दाखवलं की नव्या गावच्या शाळेनं मुलाला वर्गात बसवून घ्यायचं. कार्ड वेळेवर हातात पडतं का, हा एक प्रश्न. पण पडलं तरी या मुलाचं वाचन कुठवर आलं आहे, गाडी कुठे अडली आहे, हे नव्या बाईंना पहिल्यापासून शोधावं लागतं. टोळीतल्या मुलाच्या वाट्याला वर्षात दोन शाळा येतात. तो दोन्हीकडे नवा असतो आणि वर्षाचा शेवट त्याला एकाही ठिकाणी मिळत नाही.

दौंडमधल्या एका गुरुजींनी सुरुवातीला ठरवलं, की टोळी निघायच्या दिवशी मुलाकडून निरोपाचं पान लिहून घ्यायचं. जमेना. टोळ्या सांगून जात नाहीत. मुकादमाशी हिशेब झाला की रात्रीच ट्रॅक्टर भरतात. सकाळी शाळेला कळतं ते खोपी मोकळ्या दिसल्यावर. मग गुरुजींनी युक्ती बदलली. या मुलांचं पान ते दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी लिहून घेतात आणि त्याची एक प्रत मुलाच्याच दप्तरात ठेवतात. काय येतं, काय येत नाही, कोणतं पुस्तक अर्धं राहिलं. मी पाहिलेल्या एका पानावर शेवटची ओळ होती: 'सशाची गोष्ट राहिली, सतरावं पान.' पुढच्या शाळेतल्या बाईंना याहून अधिक काय हवं?

शिक्षण खात्यानं या एका उपक्रमाकडे बारकाईनं बघावं असं मला वाटतं. वर्षअखेर म्हणजे एप्रिल, हा हिशेब घरदार असलेल्या मुलांचा. उरलेल्यांची वर्षअखेर फेब्रुवारीतल्या एखाद्या रात्री येऊन जाते.

पाबळची पद्धत

शिरूर तालुक्यातच पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो 1983 मध्ये सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून हा माणूस दुष्काळी पाबळात आला, कारण हातानं काम करता करता डोकं चालतं यावर त्यांचा विश्वास होता. शाळेत न रमलेली मुलं इथे वर्षभर राहून ग्रामीण तंत्रज्ञानाची पदविका करतात: वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया. गावातली खरी कामं घ्यायची, ती करून द्यायची, कामाची नोंद ठेवायची आणि खर्च काढायचा.

या लेखाच्या दृष्टीनं यातला शेवटचा भाग महत्त्वाचा. खर्च काढायला बसलं की प्रत्येक चूक कागदावर उतरते. पत्रा चुकीचा कापला तर तो किमतीत दिसतो. एका दिवसाचं काम दोन दिवस चाललं तर मजुरीत. 'स्वतःच्या कामाकडे वळून पाहा' असा उपदेश तिथे करावाच लागत नाही. साध्या शाळेत पत्रा नाही, वेल्डिंग नाही, हे खरं. पण परसबाग बहुतेक शाळांत आहे. मेथी किती पेरली, किती उगवली, किती शेळ्यांनी खाल्ली, पुढच्या वेळी कुंपण कोण करणार, हे मुलांनी लिहिलं तर तो त्याच जातीचा हिशेब आहे.

हसरे चेहरे

आता नवं प्रगतिपत्रक येऊन ठेपलं आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली. त्यात शिक्षकाच्या नोंदीबरोबर मुलानं स्वतःचं आणि सोबत्याचं केलेलं मूल्यमापनही धरलं आहे. कागदावर हे उत्तम आहे. खरं तर महाराष्ट्रात ते फार नवंही नाही. राज्याच्या 2010 च्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाची आठ तंत्रं दिली आहेत. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, आणि आठवं 'इतर'. स्वयंमूल्यमापन या 'इतर'मध्ये बसवलं होतं. इतरांचं आपल्याकडे जे होतं ते त्याचंही झालं.

आता 'इतर'मधून बाहेर काढून त्याला स्वतःचं पान मिळतं आहे, तर त्याचा अर्ज होऊ नये. लहान मुलांसाठी चेहऱ्यांची चित्रं असतात: हसरा, मधला, रडवेला, आपल्याला लागू तो रंगवायचा. एका वर्गात हा प्रयोग चालू असताना मी मागे बसलो होतो. साऱ्यांनी हसरा चेहरा पिवळा केला. एकाला विचारलं, का रे? तो म्हणाला, "रडका कोण रंगवतं?" बरोबर आहे त्याचं. ज्या रकान्याला चांगलं-वाईट आहे आणि जो साहेब बघणार आहे, तिथे मूल हसतंच. उद्या मुलांच्या मनोगतांचीही पीडीएफ ग्रुपवर आली, तर आश्चर्य वाटायला नको. ती येऊ नये म्हणून एकच उपाय दिसतो. मुलाच्या पानाला श्रेणी नको, त्याची ऑनलाइन नोंद नको, त्याची तपासणीही नको. ते पान मुलाचं, त्याच्या बाईंचं आणि पुढच्या बाईंचं.

आज पुढच्या बाईंपर्यंत पोचतो तो दाखला. चौथी सुटली की शाळा सोडल्याचा दाखला मिळतो, त्यावर प्रगती आणि वर्तणूक असे दोन रकाने असतात आणि दोन्हींत 'चांगली' लिहिलेलं असतं. माझ्याही दाखल्यावर तेच होतं, तुमच्याही असेल. तेव्हा पालकांना एक विनंती. दाखला आणायला जाल तेव्हा मुलाचं जूनचं पान आणि एप्रिलचं पान मागा. नसतील तर पुढच्या वर्षीपासून ठेवा म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सांगा. आणि पाचवीच्या शिक्षकांनी ती पानं दाखल्याला टाचून घ्यावीत, जूनमध्ये शाळा उघडताच वाचावीत, आणि भागाकारात मधे शून्य आला की कोण अडतं ते लक्षात ठेवावं.